तीन बत्तीच्या पुढचा चढ

परळला थंडी पडते असं म्हटलं की पुण्या-नाशकाची माणसं हसतात. हसू देत. पंखा एकवर येतो, पहाटे नळाखाली हात धरताना जीव जरा मागे सरतो, नाक्यावरच्या गाडीवर चिरून मीठ-तिखट भरलेले पेरू दिसू लागतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास बसच्या रांगेत सगळ्यांच्या स्वेटरांना येतो. आमची थंडी एवढीच. थोडे आठवडे राहते आणि कुणाला न सांगता निघून जाते.

यंदा ती उशिरा आली. आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली तेव्हापासून मी लालबागला भाड्याच्या घरात राहते, उंचावर, एकटी. एका रविवारी पहाटे खिडकीतून गार वारा आत आला आणि गजर नसताना मी जागी झाले. पाय खाली सोडून बूट चाचपले. मग आठवलं, आता कुठे जायचं नसतं. तरी पुन्हा झोप लागली नाही. अंगाला एखाद्या मोसमाची सवय लागली की ती मनाला विचारून सुटत नाही.

माझा नवरा दिलीप दर रविवारी सायकलवरून मलबार हिलला जायचा. बरोबर दोन मित्र. मिलिंद आमच्याच चाळीत वाढलेला, शाळेपासून दिलीपच्या वर्गातला, परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या कामावर. शेखर गिरगावचा, तिथल्या एका वाडीच्या तोंडाशी त्याचं लग्नपत्रिका आणि रबरी शिक्के करून देण्याचं दुकान. दिलीप आणि मिलिंद उजाडायच्या आधी निघायचे, चिंचपोकळी, सात रस्ता, मुंबई सेंट्रल करत ऑपेरा हाउसला पोचायचे. तिथे शेखर एक पाय फुटपाथवर टेकून उभा असायचा. मग तिघं चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ चढत तीन बत्तीला, आणि तिथून उजव्या हाताच्या झाडीतल्या रस्त्याने वर बागेपर्यंत. पावसाळ्यात बंद, उन्हाळ्यात नावापुरतं. खरा हंगाम थंडीचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला रविवार तेवढा सुटायचा, कारण तेव्हा मिलिंद शिवाजी पार्कात, बाहेरगावाहून चैत्यभूमीला आलेल्या लोकांना पाणी आणि जेवण वाटायच्या कामात असायचा. मग बाकीचे दोघंही सायकली ठेवून तिथेच जायचे.

मला शनिवारी रात्री गॅलरीतून पंपाचा आवाज यायचा. फस्, फस्, फस्. रविवारी दहाच्या सुमाराला तो परत यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला घामाचा आणि ओल्या पालापाचोळ्याचा मिळून एक वास असायचा, जो परळमध्ये कुठे येत नाही. खिशातून काहीबाही काढायचा. एकदा सावरीचं बोंड. एकदा देशी बदामाचं लालभडक पान.

"काय आहे रे एवढं तिकडे?" मी विचारायची.

"झाडं आहेत."

"आणि?"

"आणि चढ आहे." एवढं बोलून तो आंघोळीला जायचा.

कमी बोलणारा माणूस होता. त्याची आईही तशीच. आम्हाला मूल नाही. त्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच. आईंचं सगळं आयुष्य परळमध्ये गेलं, सासरे गिरणीत होते, पण बोली त्यांनी मालवणीच ठेवली. मी नायगावची, दादरच्या शाळेत मराठी शिकवणारी. सुरुवातीला त्यांचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं पुस्तकी बोलणं ऐकून त्या गालात हसायच्या.

जानेवारीतल्या एका रविवारी दिलीप परत आला नाही.

आई घावणे काढत होत्या आणि मी नारळ खवत होते. फोन शेखरचा होता. "वहिनी, हॉस्पिटलला या," एवढंच म्हणाला आणि नाव सांगितलं. मी पोचले तेव्हा मिलिंद बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. मी त्या हातांकडे पाहिलं, मग पुढे काही विचारलं नाही. चढ चढताना हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती त्याने.

पुढच्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. एक वाक्य मात्र आठवतं. तेराव्याला मिलिंद आणि शेखर आले होते, भिंतीला टेकून बसले होते. माणसं पांगल्यावर आई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी होतास मा वांगडा?" त्या म्हणाल्या. तुम्ही होतात ना बरोबर? "मगे असां कसां झाला?"

रागाने नव्हत्या म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. पण दोघांच्याही माना खाली गेल्या, आणि त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. मिलिंद तर खालच्याच मजल्यावर राहायचा. जिन्यात माझी चाहूल लागली की दाराआड व्हायचा. मला वाटलं, दुःख आहे, जाऊ दे. आईंनी मात्र त्या दोघांच्या असण्यावर आपली सगळी समजूत बांधली. कोणी भेटायला आलं की त्या सांगायच्या, "एकटो नाय गेलो माझो झील. दोस्त होते वांगडा." मुलगा एकटा गेला नाही, त्यांना तेवढा आधार होता. मलाही होता.

सायकल गॅलरीत गोणपाट टाकून उभी होती. त्या वर्षभरात आई तिच्याकडे पाठ करूनच बसत. आम्ही दोघी एकाच माणसासाठी रडत होतो, पण एकमेकींसमोर नाही. मी शाळेत रडायची, मधल्या सुट्टीत, वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात. आई कधी रडायच्या ते मला आजही माहीत नाही.

पुढच्या वर्षी थंडी आली ती अशीच एका रात्रीत. सकाळी मी दार उघडलं आणि गार हवा तोंडावर आली. त्याच क्षणी मला वाटलं, आज रविवार आहे, हा निघाला असेल. निघाला असेल, असंच वाटलं. मग मी दाराची चौकट धरून उभी राहिले. त्याच दिवशी मी खाली जाऊन मिलिंदची कडी वाजवली.

"भावोजी, मला ती जागा बघायचीय."

त्याने आधी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "टॅक्सीने जाऊ. मी सांगतो शेखरला."

"टॅक्सीने नको. तो जायचा तशी जाईन."

"वहिनी, चढ आहे तो. तुम्हाला सायकल येते?"

येत होती. लहानपणी शिवाजी पार्कात तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलवर शिकले होते, आधी कैची, मग सीटवर. नंतर लग्न, बी.एड., नोकरी. मध्ये तीस वर्षं हँडल हातात धरलं नव्हतं.

मिलिंद पाना घेऊन वर आला. गोणपाट काढलं. दिलीप माझ्यापेक्षा बराच उंच. सीट त्याच्या मापाची होती. मिलिंदने बोल्ट सैल केला आणि सीट खाली दाबली. ती हलेना. मग तेल सोडलं, दोन्ही हातांनी पिरगाळली, तेव्हा कुरकुरत खाली गेली. दांडीवर इतकी वर्षं ती जिथे घट्ट बसली होती तिथे गंजाची एक कडी उमटली होती. खाली जाताना ती नळीत गेली आणि दिसेनाशी झाली. मिलिंद पाना हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिला. आतून आई बघत होत्या. त्यांनी मिलिंदला पाणी आणून दिलं आणि परत जाऊन बसल्या.

आधी मी बंद गिरणीमागच्या गल्लीत सराव केला. पंजाबी ड्रेसच्या सलवारीच्या पायांना रबर बांधून. चाळीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. कोणी हसलं, कोणी हळहळलं. "वेड लागलं हो हिला," असं एक वाक्य माझ्या कानावर पडावं अशा बेताने बोललं गेलं. ते खरंच असावं. पण पायडल मारताना मांड्या दुखायच्या, त्या दुखण्याला जागा होती, कारण होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी कमी व्हायचं. वर्षभरात पहिल्यांदा माझं काहीतरी असं दुखत होतं, जे कमी होणार होतं.

पहिल्या रविवारी शेखर ऑपेरा हाउसच्या कोपऱ्यावर उभा होता. मला दिलीपच्या सायकलवर येताना बघून त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. "चला," एवढंच म्हणाला.

ती थंडी माझ्या मनात अजून तुकड्यातुकड्यांनी आहे. चौपाटीवरची थंडगार वाळू आणि तिच्यावर झोपलेली कुत्री. वाळकेश्वरच्या रस्त्यावर डाव्या हाताला खाली समुद्र, राखाडी, अजून जागा न झालेला. चढ सुरू झाला की आधी बोलणं थांबतं, मग विचार थांबतात, शेवटी आपला श्वास तेवढा कानात ऐकू येतो. वडाच्या पारंब्या, भिंतीतून उगवलेले पिंपळ, आणि झाडीत कुठून तरी येणारा मोराचा तो फाटलेला ओरडा. मुंबईत मोर ओरडतो हे मी मुंबईत जन्मून पंचेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. दिलीप दर रविवारी ऐकायचा आणि घरी येऊन सांगायचा, झाडं आहेत.

मी निम्मा चढ चालतच चढायची, सायकल ढकलत. ते दोघं माझ्या दोन्ही बाजूंनी चालायचे. पण तीन बत्तीला पोचलं की शेखर म्हणायचा, "आज इथपर्यंत पुरे, वहिनी. एकदम ताण नको." तिथे टपरीवर चहा प्यायचा आणि परत. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मिलिंद म्हणाला, ड्यूटी आहे, लवकर जायचंय. पुढे झाडीत शिरणारा तो रस्ता मला टपरीवरून दिसायचा. ते दोघं त्या रस्त्याकडे बघतसुद्धा नव्हते.

एका रविवारी त्यांनी चहा सांगितला आणि मी सायकल काढून सरळ पुढे गेले. मागून "वहिनी, अहो वहिनी" अशा हाका आल्या. मी थांबले नाही. रस्ता वळला, झाडं दोन्ही बाजूंनी वर भिडली, अंधारल्यासारखं झालं. दम संपला तिथे मी उतरले. मागून दोघं आले. मिलिंद माझ्याजवळ न येता रस्त्याच्या कडेला एका मोठ्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "इथे."

साधी जागा होती. फुटपाथचा कठडा, झाडाची वर आलेली मुळं, त्यांच्यात अडकलेली सुकी पानं. पलीकडे एका इमारतीचं लोखंडी गेट. मी कठड्यावर बसले. मग मी विचारलं, "काय म्हणाला तो? शेवटी?"

मिलिंदने शेखरकडे पाहिलं. शेखर म्हणाला, "सांग रे. आता सांग."

"आम्ही नव्हतो, वहिनी," मिलिंद म्हणाला.

मला कळलंच नाही.

"तो खालीच म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. दम लागलाय जरा. आम्हाला वाटलं, नेहमीचंच. वर जाऊन बसलो. शेखरने पेरू आणले होते, ते खाल्ले. त्याच्यासाठी एक ठेवला. हसत होतो त्याच्यावर, म्हातारा झाला म्हणून. मग उशीर झाला, म्हणून खाली आलो बघायला." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "मी हॉस्पिटलात काम करतो, वहिनी. छाती कशी दाबायची ते मला येतं. मी दाबली. पण फार उशीर झाला होता. मी वर पेरू खात बसलो होतो."

त्यांना रडताना बघून मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. वर्षभर ज्या एका गोष्टीला धरून आम्ही दोघी उभ्या होतो तीच यांनी काढून घेतली, एवढंच मला दिसत होतं. मी सायकल वळवली आणि एकटी खाली निघाले. उतारावर वारा इतका होता की डोळ्यांतलं पाणी कानाकडे जात होतं. त्या दिवशी ऑपेरा हाउसला कुणी उभं नव्हतं, आणि परळपर्यंत मी कशी आले ते मला सांगता येणार नाही.

घरी आईंनी विचारलं, "बघलंस जागा?"

"बघितली," मी म्हणाले. पुढचं गिळलं.

पुढच्या रविवारी मी जायचं नाही असं ठरवलं होतं. पण पहाटे जाग आली, आणि तो तिथे एकटा बसला होता हा विचार घरात बसून सोसेना. गेले. एकटीच. त्या झाडाखाली जाऊन बसले. समोरच्या गेटमधून वॉचमन बाहेर आला, वयस्कर, मफलर गुंडाळलेला. माझ्याकडे नाही, सायकलकडे बघत होता.

"मॅडम, ये साइकिल उन साब की है ना?"

मी मान हलवली.

तो समोर खाली बसला, रस्त्यावरच. म्हणाला, साब इथे बसले होते. मी विचारलं पाणी देऊ का, तर हो म्हणाले. बाटली आणून दिली, थोडं प्यायले. "फिर बोले, तुम कहाँ से हो. मैं बोला, आज़मगढ़. बोले, उधर तो अभी बहुत ठंडी होगी. मैं बोला, बहुत." आणि मग? "फिर सर मेरे कंधे पे आ गया. मैं समझा, चक्कर है. मैं हिला नहीं, मॅडम. सोचा, थोड़ा आराम करने दो." थोड्या वेळाने त्याला कळलं आणि तो ओरडायला लागला. तेवढ्यात वरून दोघं आले.

मी त्याचं नाव विचारलं. रामधन. मी त्याला नमस्कार केला तेव्हा तो संकोचून उठलाच. वर्षभर त्याला वाटत होतं, आपण लगेच हलवलं असतं तर साब वाचले असते. सगळ्यांनी आपापल्या वाटणीचं ओझं उचललं होतं, आणि एकमेकांना दिसू दिलं नव्हतं.

आईंना सांगावं की नाही, यावर मी कित्येक दिवस घालवले. त्या म्हातारीचा एवढाच आधार, तो का काढून घ्यायचा? पण दुसरीकडे रोज त्यांच्या तोंडून "दोस्त होते वांगडा" ऐकताना मला गुन्हेगारासारखं वाटायला लागलं. एका दुपारी त्या वाल सोलत होत्या. मी समोर बसून सोलायला लागले आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. पुढे व्हा म्हणाला ते, पेरूचं, रामधनचं, खांद्यावरच्या डोक्याचं. त्यांचे हात थांबले नाहीत. सगळे वाल सोलून झाल्यावर त्या उठल्या, सालं केरात टाकली आणि देवासमोर जाऊन बसल्या. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला वाटलं, चुकलं.

मग एका शनिवारी संध्याकाळी म्हणाल्या, "वैशाली, माका पण ती जागा बघूची आसा. तुझ्या त्या दोघांका पण बोलव."

फेब्रुवारी सरत आला होता. सकाळी गारवा उरला होता, पण ऊन लगेच चावायला लागायचं. आईंना मी टॅक्सीत बसवलं, स्वतः सायकलवर. त्यांनी नऊवारी नेसली होती, घडीची, लग्नाकार्याला नेसायच्या ती. टॅक्सीवाल्याला मिलिंदने समजावलं होतं, तो हळूहळू आमच्या मागे राहिला. वाळकेश्वरच्या चढावर मी एकदा वळून पाहिलं तर आई काचेला नाक लावून समुद्राकडे बघत होत्या. इतकी वर्षं मुंबईत, आणि या टेकडीवर त्या कधी आल्या नव्हत्या. कोण आणणार होतं?

त्या दिवशी मी कुठेही न उतरता त्या झाडापर्यंत चढले. मुद्दाम नाही, आई बघत होत्या म्हणून असेल.

आई झाडाखाली आल्या. चप्पल काढली. मुळांवर हात फिरवला, एखाद्या ताप आलेल्या पोराच्या कपाळावर फिरवावा तसा. मग कठड्यावर बसल्या. रामधन आला, लांब उभा राहिला. आईंनी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या दोन्ही खांद्यांकडे बघितलं. "कुठलो?" त्यांनी मला विचारलं. मी विचारण्याआधीच रामधनने आपल्या उजव्या खांद्याला हात लावून दाखवला. आईंनी त्या खांद्यावर आपला तळहात ठेवला.

मिलिंद आणि शेखर सायकली धरून रस्त्यापलीकडे उभे होते. "हंय येवा," आई म्हणाल्या. दोघं आले. पन्नाशी ओलांडलेले दोन पुरुष, शाळेत मार खायला उभे राहिल्यासारखे.

"तुमी फुडे गेलास ता बरा केलास," आई म्हणाल्या.

मिलिंद काहीतरी बोलायला गेला. आईंनी हाताने थांबवलं.

"तेका आवाडला नसता तुमी बघलेला. ल्हान असताना ताप इलो की खाटीखाली जावन पडा. माका सुद्धा जवळ येवक देय नाय होतो. बापाशीक तर नायच. आपलो मानूस बघता म्हटल्यावर तेका लाज वाटा." मग रामधनकडे मान करून म्हणाल्या, "परक्याची लाज नाय. बरो मानूस गावलो तेका."

मला इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारी झोपून हे माहीत नव्हतं. पण ऐकलं आणि पटलं. तापात तो भिंतीकडे तोंड करायचा. मी म्हणायची, इकडे बघ ना. तो म्हणायचा, तू जा, झोप.

मिलिंद खाली बसला आणि त्याने डोकं आईंच्या गुडघ्यावर टेकलं. शेखर झाडाकडे वळून उभा राहिला. आई रडल्या नाहीत. त्या मिलिंदच्या केसांतून बोटं फिरवत वर पानांकडे बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "झाडां बरी आसत हंय."

तो हंगाम तिथेच संपला. मार्चमध्ये ऊन तापलं, माझ्या शाळेत वार्षिक परीक्षा आल्या. पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा निघालो, तिघं, आणि त्याच्या पुढच्याही. रविवारी परत आले की आई विचारायच्या, "गेललंस?" मी हो म्हणायची. एवढंच. पण आम्ही दोघी आता एकमेकींसमोर रडू शकत होतो, कधी कधी रडायचोही, भाजी निवडताना वगैरे. मग एका पावसाळ्यात आई गेल्या, घरच्या अंथरुणावर, सकाळच्या वेळी. माझा हात धरून होत्या. मला जवळ येऊ दिलं त्यांनी.

पुढे चाळ सुटली. शेखरच्या दुकानाचं काम मोबाइलवरच्या पत्रिकांनी संपलं, तो मुलाकडे बदलापूरला गेला. फोन करतो, येतो येतो म्हणतो. मिलिंद रिटायर झाला. गुडघे गेलेत. रामधन गावी परत गेला असं नंतरच्या वॉचमनने सांगितलं. दिलीपची सायकल नव्या घराच्या लिफ्टमध्ये मावेना. ती मी शाळेतल्या एका शिपायाला दिली, तो तिच्यावरून कामाला येतो. त्या झाडीतून वर चढणारं आता कुणी उरलं नाही, म्हणजे आमच्यातलं.

पण यंदा त्या रविवारी, गार वाऱ्याने जाग आली तेव्हा, उजाडल्यावर मी मिलिंदला फोन केला. "भावोजी, पुढच्या रविवारी चौपाटीपर्यंत येता? बसने."

उजाडता उजाडता तो आला. काठी घेऊन आला होता, आणि ती मला दिसू नये म्हणून पायामागे धरत होता. आम्ही वाळूवर वर्तमानपत्र पसरून बसलो. चहावाल्याकडून दोन चहा घेतले. समोर टेकडी होती, पाण्यापलीकडे, झाडांनी काळीहिरवी, तिच्या डोक्यावर उंच इमारती. आता पूर्वीपेक्षा जास्त. तीन बत्तीच्या पुढचा चढ इथून दिसत नाही, पण झाडी कुठे दाट होते ते कळतं.

"जायचं का वर? टॅक्सीने?" मी विचारलं.

मिलिंदने टेकडीकडे बघत चहा संपवला. "नको," म्हणाला. "इथून बरं दिसतंय."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "वहिनी, आता त्याचा आवाज आठवत नाही मला. चेहरा आठवतो. आवाज गेला."

मी माझ्या मनात शोधला. होता, पण लांब. "मला आठवतो अजून," मी म्हणाले. मिलिंदने मान हलवली, समाधान वाटल्यासारखी.

सूर्य आमच्या मागे, गिरगावच्या इमारतींआड होता. टेकडीच्या माथ्यावरची झाडं आधी उजळली, मग हळूहळू ऊन खाली उतरायला लागलं. वाळूवर अजून सावली होती, गार. आम्ही चहाचे रिकामे कप हातात धरून, ऊन आपल्यापर्यंत यायची वाट बघत बसलो.